गळाची गाठ आणि आपले गद्य

मराठी समीक्षेत 'गाठ' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो, अशी माझी जुनी तक्रार आहे. कथेतील नात्यांची निरगाठ, कवितेतील अनुभवाचा गुंता, कादंबरीची घट्ट वीण असे आपण लिहितो. विद्यार्थी ते उतरवून घेतात आणि उत्तरपत्रिकेत आपल्याला परत करतात. पण निरगाठ आणि सुरगाठ यांतला फरक हातात दोरी देऊन दाखवा म्हटले, तर आपल्यापैकी किती जणांना दाखवता येईल? हा प्रश्न मी आधी स्वतःलाच विचारला, आणि तोही नाइलाजाने.

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीवर एका सुटीत गरवायला गेलो होतो. तासाभराने गळाला काहीतरी जड लागले, दोरी ताणली गेली आणि एकदम हलकी झाली. शेजारी बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी माझ्या तंगुसाचे टोक बोटांत धरून उजेडात पाहिले. "सरकली नाही, तुटली. गाठीपाशीच," ते म्हणाले. "मास्तर, कोरडीच आवळलीत ना?" गाठ सरकून सुटली असती तर टोक कुरळे झाले असते, हे त्यांनी मागाहून सांगितले. तुटलेल्या दोरीचे टोक वाचता येते, हे मला त्या दिवशी कळले. पंचवीस वर्षे वाचन शिकवणाऱ्या माणसाला थोडे खजील व्हायला ते पुरेसे होते.

घरी येऊन मी ती गाठ मराठीत लिहून काढायचे ठरवले. इंग्रजीत तिला 'इम्प्रूव्हड क्लिंच नॉट' म्हणतात. माझा मसुदा बऱ्याच खाडाखोडीनंतर असा झाला :

'तंगुसाचे टोक गळाच्या नेढ्यातून ओवून वीतभर बाहेर काढावे. ते टोक मुख्य दोरीभोवती पाच ते सात वेळा गुंडाळावे. मग टोक मागे वळवून नेढ्यालगतच्या पहिल्या फटीतून ओवावे. असे केल्यावर वरच्या बाजूस एक मोठा फास तयार होतो; टोक त्यातूनही न्यावे. गाठ ओली करावी. मुख्य दोरी सावकाश ओढून सर्व वेढे एकमेकांना खेटून नेढ्यावर बसवावेत. उरलेले टोक थोडे राखून कापावे.'

सात वाक्ये आहेत. त्यांत अलंकार एकही नाही. पण त्यांतला एकही शब्द सुखासुखी मिळालेला नाही. 'नेढ्यालगतच्या' हे विशेषण पहिल्या मसुद्यात नव्हते. नुसत्या 'पहिल्या फटीतून' असे वाचून माझ्या मुलाने टोक दुसऱ्याच बाजूने ओवले आणि गाठ ओढताच उलगडली. 'टोक' हे नाम मी सुरुवातीला 'ते' या सर्वनामाने भागवत होतो. पण दोरी, टोक, वेढा आणि फास अशा चौघांच्या गर्दीत 'ते' कोणाचे, हे वाचणाऱ्याला उमगेना. दोरी एकच असते, पण तिचा ओझे पेलणारा भाग वेगळा आणि फिरणारे टोक वेगळे. हा भेद भाषेने केला नाही तर बोटांनाही तो करता येत नाही.

'गाठ ओली करावी' हे वाक्य सर्वांत लहान आहे, आणि माझा मासा नेमका त्याच्याच अभावी गेला. कोरडा नायलॉन आवळताना स्वतःवरच घासतो, त्या घर्षणाने तापतो आणि नेमका गाठीत दुबळा होतो. थुंकी लावली की वेढे न घासता जागेवर बसतात. ही गाठ तशी निरगाठही नव्हे आणि सुरगाठही नव्हे : आवळेपर्यंत ती सरकते, आवळल्यावर सरकत नाही. वेढ्यांच्या परस्परघर्षणावर ती उभी असते. म्हणून गुळगुळीत विणीव दोरीला ती फारशी मानवत नाही, निसटू पाहते. तिथे दोरी दुहेरी करून नेढ्यातून ओवायची, सैलशी साधी गाठ मारायची आणि उरलेल्या फाशातून अख्खा गळच पलीकडे काढायचा, ही 'पालोमार' नावाची गाठ बरी. आणि नेढेच नसलेल्या, चपट्या टोकाच्या गळाला दोरी त्याच्या दांडीवरच वेढे देऊन बांधावी लागते. साहित्य बदलले की रचना बदलते, हे आपण वर्गात वेगळ्या अर्थाने सांगतोच.

माझे म्हणणे असे, की प्रक्रियेचे गद्य ही गद्याची सर्वांत कठोर परीक्षा आहे आणि मराठीच्या अध्यापनातून आपण ती जवळजवळ वगळली आहे. आपण जे लिहितो त्याची तपासणी आपल्यासारखाच दुसरा लिहिणारा करतो. गाठीच्या वर्णनाची तपासणी मासा करतो. त्याला शैलीचे कौतुक नसते.

ही परंपरा मराठीला परकी आहे असेही नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास 'लेखनक्रियानिरूपण' हा आहे. अक्षर कसे वळवावे, ओळी कशा राखाव्यात, लेखण्या नि कागद कसे सिद्ध करावेत, हे रामदास तिथे ओवीत सांगतात. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याच्या मापाने आणि क्रमाच्या नेमकेपणाने कितीतरी घरांत स्वयंपाक शिकवला. इंग्रजीत क्लिफर्ड अॅश्ले या चित्रकाराचा गाठींचा महाग्रंथ १९४४ साली आला. त्यात ३८०० हून अधिक नोंदी आहेत आणि त्याचे गद्य आजही वाचनीय आहे.

ललित साहित्यातही ही दृष्टी उपयोगी पडते. हेमिंग्वेची १९५२ सालची 'द ओल्ड मॅन अँड द सी' आपण पु. ल. देशपांडे यांच्या 'एका कोळियाने'मधून वाचली, शिकवलीही. त्यात रात्रीच्या अंधारात म्हातारा आपल्या इतर दोऱ्या कापतो आणि राखीव वेटोळी एका हाताने गाठी मारून जोडून ठेवतो. मोठ्या माशाने आणखी दोरी ओढलीच तर त्या गाठी टिकायला हव्यात. आपण मात्र माणूस आणि निसर्ग, जय आणि पराजय यांवर टिपणे देतो आणि त्या गाठींवरून पुढे जातो. त्या कथेतला धीर कुठून येतो? मला वाटते, तो पुष्कळसा त्या गाठी नीट मारण्यातून येतो. ते न पाहता काढलेले प्रतीक कोरडेच आवळलेले असते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. खाडीवरच्या त्या गृहस्थांना माझ्या सात वाक्यांची काहीच गरज नाही. त्यांची विद्या हातात आहे आणि हातातून हातात जाते. शिवाय आता चलत्चित्रे आहेत, ती पाहून कोणीही गाठ शिकेल. दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत. पण 'हे बघा, हे असं' एवढ्यावर भागते ते समोरचा माणूस समोर असेपर्यंतच. गद्य सुरू होते ते तो समोर नसतो तेव्हा. आणि चलत्चित्र हात दाखवते, चूक कुठे होते ते दाखवेलच असे नाही. त्यासाठी शब्द लागतात. नेढे, वेढा, फास, पीळ, सुरगाठ हे शब्द आपल्याकडे आहेत, होते असे अजून म्हणावे लागलेले नाही. ते वापरणारी वाक्ये मात्र आपण लिहीत नाही, आणि वाक्यात न आलेला शब्द कोशात किती दिवस जिवंत राहणार?

गेल्या वर्षी मी वर्गात एक उद्योग केला. निम्म्या मुलांना गाठ दाखवली आणि ती लिहायला सांगितले. उरलेल्यांनी केवळ तो मजकूर वाचून दोरी एका मोठ्या कडीला बांधायची, आणि मग सर्वांसमक्ष ओढायची. बहुतेक गाठी सुटल्या. गंमत म्हणजे कोणीही लेखकावर 'दुर्बोध' असा शेरा मारला नाही. सर्वांनी कागद पुन्हा हातात घेतला आणि कोणत्या शब्दापाशी हात चुकला ते शोधू लागले. पाठ्यपुस्तकातील उताऱ्यावर इतके बारकाईचे वाचन मी त्यांच्याकडून क्वचितच करून घेऊ शकलो आहे.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांकडे मागणी करावी इतका माझा अधिकार नाही. सहाध्यायी शिक्षकांना मात्र विनंती आहे : पुढच्या सत्रात एक तास, दोन हात दोरी आणि एक कडी घेऊन वर्गात जा. 'वीण' आणि 'निरगाठ' यांवरचे व्याख्यान त्यानंतर द्या.