खांद्याचा तंटा

आमच्या बऱ्हाणपुरात थंडी पडते ती नावापुरती. पौषात तापीच्या राजघाटावर पहाटे धुके दिसले, की जुन्या पेट्यांतून स्वेटर बाहेर येतात आणि संक्रांत सरली, की डांबराच्या गोळ्यांसह पुन्हा आत जातात. अशा गावात एका स्वेटरवरून घरात तंटा व्हावा, हे नवलच. पण तो झाला, आणि त्यात मीही दोषी आहे, म्हणून हे लिहिणे.

माझ्याकडे गाणे शिकणारी एक कॉलेजातली मुलगी दिवाळीपासून स्वतःसाठी स्वेटर विणीत होती. दोन्ही खांदे उघडे राहतील असा; हल्लीच्या मुली त्याला ऑफ-शोल्डर म्हणतात. घर जुने, चार पिढ्या येथे नांदलेले. एके दिवशी आजोबांनी ते विणकाम उचलून माझ्यापुढे धरले. ''मास्तर, तुम्हीच सांगा हिला. आपल्या घरात हे शोभते का?'' मी तंबोऱ्याच्या खुंट्या पिळीत राहिलो. माझे वडील ऐन तारुण्यात संस्थानच्या दरबारी गात, मी त्यांच्या उतारवयातला. थोरांपुढे मान खाली घालणे घरातच शिकलो. पुढच्या वेळी ती आली तेव्हा सबंध स्वेटर उसवून त्याचा गुंडा झाला होता.

वाचकहो, त्या गुंड्यात काय होते ते सांगतो. साध्या स्वेटरचा भार खांद्यावर असतो. येथे खांदाच नाही. सारा भार वरच्या पट्टीने पेलायचा. म्हणून हात खाली सोडून दोन्ही दंडांना वेढून माप घ्यायचे आणि पट्टी त्याहून थोडी कमी ठेवायची, म्हणजे ती अंगाला धरून राहते. माप आले 38 इंच, तिने धरले 36. नमुन्याचा तुकडा विणून पाहिला, तर इंचाला 5 टाके बसले. म्हणजे 180 टाके. पट्टी एक सुलट, एक उलट अशी, कारण ती वीण ताणते आणि परत मिटते. गावचा धंदा सुताचा, तरी सूत येथे कामाचे नाही; ते एकदा ताणले की सैलावते. लोकर आपल्या जागी परत येते. गोल सुईवर फेरा जिथे सुरू होई, तिथे तिने तांबड्या दोऱ्याची खूण बांधली होती. ''सर, ही माझी सम,'' ती म्हणाली होती. 180 टाके म्हणजे एकतालाची बरोबर 15 आवर्तने! लयीचा एवढा हिशेब माझ्या वर्गात मोजकेच ठेवतात.

आता शोभण्याविषयी. सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या या गावातून गेला. येथले आरपार दिसणारे तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जाते आणि तिकडच्या स्त्रिया त्याचे बुरखे व ओढण्या करतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. ज्या गावाने जगाला पारदर्शक वस्त्र पुरवले, त्याने वीतभर खांद्याने बिचकावे काय? बालगंधर्वांचे पाहा. रंगभूमीवर एका पुरुषाने पदर कसा घेतला, साडी कशी नेसली, हे पाहून घरंदाज स्त्रियांनी ती तऱ्हा उचलली. आज तिलाच आपण खानदानी म्हणतो. आणि वडिलांच्या तरुणपणी मुलीने तंबोरा हाती घेतला, की 'शोभते का?' हीच भाषा ऐकू येई. आज तशाच घरांतल्या नातींच्या फीवर माझी चूल पेटते!

आजोबांची काळजी खोटी नाही. गल्लीतल्या नजरा त्यांना ठाऊक आहेत. देवळात कोणते वस्त्र, लग्नात कोणते, हा विवेक हवाच. तो मुलींना सांगावा आणि त्या नजरांनाही चार शब्द सुनवावेत. पण एक गोष्ट मला खुपते. त्याच घरी गेल्या लग्नसराईत पुण्याची नात तसाच तयार स्वेटर घालून आली, तेव्हा ती फॅशन ठरली. पैसे टाकून घेतलेले कपाटात मानाने बसते आणि घरच्या मुलीने बोटे झिजवून केलेले उसवावे लागते, हा कुठला न्याय? आजीच्या हातची टोपडी, मोजे याच घरात जपून ठेवलेले आहेत. ती कला नातीच्या बोटांत उतरली, तर तिला आपण दाराबाहेर काढतो, आणि मग म्हणतो, हल्लीच्या मुलींना काही येत नाही.

उसवलेली लोकर सरळ होत नाही. टाक्यांची वळणे धरून राहते. ती वाफेवर धरावी किंवा धुऊन, हलके वजन टांगून वाळवावी, म्हणजे पुन्हा विणता येते. मुली, त्या दिवशी जे बोलायला हवे होते, ते आज चारचौघांत बोलतो: पुन्हा 180 टाके घाल. आणि आजोबा, रागावायचे असेल तर या मास्तरावर रागवा.