विषाचा घास कोणाच्या मुखी?

भुईमूग काढणीला आलेला असतो, मक्याची कणसे भरू लागलेली असतात आणि एका रात्रीत रानडुकरांचा कळप सारे शेत उकरून जातो. खाल्ले त्याहून तुडवले अधिक, अशी अवस्था असते. विदर्भातील सोयाबीन-हरभऱ्यापासून कोकणातील भातखाचरांपर्यंत हे दुखणे सर्वत्र सारखे आहे. बुजगावणी झाली, बांधावर जुन्या साड्यांचे कुंपण झाले, रात्ररात्र जागल करून झाली. अशा शेतकऱ्याच्या मनात विषाचा विचार आला, तर शहरात बसून त्याला क्रूर ठरविण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र तो विचार त्याच्याच हिताचा आहे काय, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या प्रश्नावर शासनमान्य विषाचा प्रयोग एका प्रगत देशात होऊन गेला आहे. अमेरिकेत मूळचे रानडुक्कर नाही. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी पाळीव डुकरे नेली, त्यांतील काही रानात पळाली. पुढे शिकारीच्या हौसेपायी युरोपातील रानडुकरे आणून सोडण्यात आली. या दोहोंच्या संकरातून झालेली प्रजा आज सुमारे ३५ राज्यांत पसरली असून तिची संख्या ६० लाखांच्या घरात असल्याचा अंदाज आहे. एकट्या टेक्सास राज्यात ती वीस लाखांच्या आसपास मानली जाते. मादी वर्ष-सव्वा वर्षात दोन वेळा वितें आणि एका वेतात पाच-सहा पिले होतात. त्यामुळे दरवर्षी सुमारे दोनतृतीयांश डुकरे हटविली, तरच संख्या जेमतेम स्थिर राहते. २०११ साली टेक्सासने हेलिकॉप्टरमधून शिकार करण्याची मुभा शिकाऱ्यांना दिली. तरीही उपद्रव आटोक्यात आला नाही.

तेव्हा २०१७ च्या प्रारंभी वॉरफरिनयुक्त आमिषाला केंद्रीय पर्यावरण संस्थेने मान्यता दिली आणि टेक्सासच्या कृषी आयुक्तांनी त्याचा उत्साहाने पुरस्कार केला. वॉरफरिन हे नाव हृदयरुग्ण असलेल्या अनेक घरांत परिचित आहे. रक्त गोठू न देणारे हे औषध मुळात उंदरांचे विष म्हणून बाजारात आले होते. ते खाल्लेला प्राणी तत्काळ मरत नाही, काही दिवसांत अंतर्गत रक्तस्रावाने मरतो. त्या अवधीत तो कोठे जाईल आणि त्याचे मांस कोण खाईल, हा खरा प्रश्न होता. विष खाल्लेले जनावर ओळखता यावे म्हणून आमिषात निळा रंग मिसळला होता. पण हा रंग चरबीत उतरतो, तो माणसाला आणि तेही जनावर फाडल्यावर दिसतो. गिधाडाला, कोल्ह्याला, शेतावरच्या कुत्र्याला त्याचा काय उपयोग? अखेर शिकारी आणि रानडुकरांच्या मांसाचे व्यापारी यांनीच विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेले आणि काही आठवड्यांतच उत्पादक कंपनीने राज्यातील नोंदणी मागे घेतली. पुढे २०२४ साली हे विष तेथे पुन्हा आले, पण केवळ परवानाधारकांच्या हाती.

२०१८ च्या आरंभी सोडियम नायट्राइट या दुसऱ्या विषाची चाचणी टेक्सासमध्येच झाली. इतर प्राण्यांना उघडता येऊ नये म्हणून जड झाकणांची खास पात्रे वापरली होती. डुकरांनी झाकणे उचलली, पण खाताना आमिषाचा चुरा बाहेर सांडला. तो टिपून लहान पक्षी मेले आणि चाचणी थांबवावी लागली. शास्त्रज्ञ, प्रयोगशाळा, पैसा हे सारे हाताशी असलेल्या देशाची ही कथा आहे. विष कोणासाठी ठेवले, हे विषाला ठाऊक नसते.

आपल्याकडे तर प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. अमेरिकेत डुक्कर उपरे आहे; ते समूळ नाहीसे झाले, तर तेथील निसर्ग सुखावेल. आपले रानडुक्कर या भूमीचेच आहे आणि वाघ-बिबट्याचे ते भक्ष्य आहे. त्याच्या पोटात गेलेले विष पुढे कोठे जाणार, हे वेगळे सांगायला नको. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या साध्या वेदनाशामकाने भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण जटायूचे ते वंशज अद्याप सावरलेले नाहीत. मे २०२० मध्ये केरळात स्फोटके भरलेले फळ खाऊन एक गर्भवती हत्तीण तडफडून मेली. असे सापळे तेथे रानडुकरांसाठीच लावले जातात. जानेवारी २०२१ मध्ये उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने दगावले.

वराह हा दशावतारांतील तिसरा अवतार, म्हणून त्याला हात लावू नये, असा हा युक्तिवाद नाही. शेतकऱ्याला पीक राखण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि कायद्यातही त्याला वाट आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ च्या निर्णयाने पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांना वनाधिकाऱ्याच्या परवानगीने मारण्याची तरतूद केली. पण किती शेतकऱ्यांकडे परवान्याची बंदूक आहे? केरळने २०२२ मध्ये हा अधिकार थेट स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविला, मात्र विष, स्फोटके आणि विजेचा धक्का हे मार्ग स्पष्टपणे वर्ज्य ठरविले. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार विष घालणे ही शिकारच आहे. म्हणजे एका रात्रीच्या रागापोटी आधीच नागवलेला शेतकरी गुन्हेगारही ठरतो. शिवाय त्या विषाच्या वाटेत त्याचेच गुरू, त्याचाच कुत्रा आणि बांधावर खेळणारे त्याचेच मूल असते. फोरेटसारख्या, थिमेट म्हणून गावोगाव ठाऊक असलेल्या जहाल कीटकनाशकावर २०२० अखेर बंदी आली, ती उगाच नव्हे.

मग उपाय कोणता? अमेरिकेतील अनुभव सांगतो की, एकट्या-दुकट्या डुकराची शिकार केल्याने कळप विखुरतो आणि उपद्रव नव्या शेतांत पोहोचतो. म्हणूनच मिसूरी राज्याने २०१६ साली आपल्या संवर्धन क्षेत्रांत डुकरांच्या हौशी शिकारीस बंदी घातली आणि संपूर्ण कळप एकदम पकडणाऱ्या मोठ्या पिंजऱ्यांवर भर दिला. वनखात्याच्या देखरेखीखाली असे पिंजरे गावांना का मिळू नयेत? डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणासाठी साहाय्य मिळते. ते एकेका शेताला न देता संपूर्ण शिवाराला एकत्र दिले, तर डुकरे शेजाऱ्याच्या शेतात ढकलण्याचा खेळ थांबेल. नुकसानभरपाईचा पंचनामा वेळेवर व्हावा आणि रक्कम पुढच्या पेरणीपूर्वी हाती पडावी, हे तर किमान कर्तव्य आहे.

येथे ग्रामीण भागात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचीही जबाबदारी येते. शेतकऱ्याचा अर्ज भरून देणे, पंचनाम्यासाठी कर्मचाऱ्याला शिवारात आणणे, सामूहिक कुंपणासाठी दहा घरांना एकत्र बसविणे ही कामे शासनाच्या आदेशाची वाट पाहत नाहीत. विष स्वस्त आहे आणि लगेच मिळते, हेच त्याचे आकर्षण आहे. कुंपण, पिंजरा आणि भरपाई त्याच्याइतकीच लवकर शेतकऱ्याच्या दारी पोहोचली, तर विषाची पुडी सोडण्याचे कोणतेही कारण त्याच्यापाशी उरणार नाही. ती पोहोचविणे हे आपले काम आहे. ते न करता त्याला केवळ अहिंसेचा उपदेश करणे हा निव्वळ दांभिकपणा ठरेल.