अठरा हजारांचे साडेतीन हजार

मोटार घेणाऱ्याने गावातल्याच विक्रेत्याकडे जावे की चार पैसे वाचत असतील तर दूरच्या शहराची वाट धरावी, हा प्रश्न दसरा-पाडव्याच्या तोंडावर अनेक घरांत निघतो आणि बहुतेक घरांत तो हिशेबाने सुटण्याऐवजी कंटाळ्याने सुटतो. छापील किंमत आणि हातातून प्रत्यक्ष जाणारी किंमत यांच्यातील अंतराविषयी या सदरात पूर्वी मंगल कार्यालये आणि शाळेचे गणवेश यांच्या निमित्ताने लिहिले गेले आहे, व ती तक्रार नियमित वाचकांच्या परिचयाची आहे. या आठवड्यात साताऱ्यातील एका शिक्षक दांपत्याचा अनुभव कानी आला आणि मोटारीच्या बाबतीत तीच तक्रार अधिक जोर देऊन मांडणे भाग पडले.

आधी परिभाषा. एक्स-शोरूम किंमत म्हणजे वस्तू व सेवा करासह, परंतु नोंदणी व विमा वगळून असलेली किंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारींवरील या कराचा दर २८ टक्के अधिक उपकर यावरून १८ टक्क्यांवर आला. एक्स-शोरूम किमतीत राज्याचा वाहन कर मिळवावा लागतो, आणि तो महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल मोटारीला ११ टक्के असल्यामुळे नऊ लाखांच्या गाडीला ९९ हजार रुपये पडतो. विमा, फास्टॅग व इतर किरकोळ खर्च धरून जी बेरीज होते तिला ऑन-रोड किंमत म्हणतात. कारखान्याने ठरवलेली एक्स-शोरूम किंमत आणि राज्याचा कर साताऱ्यात व पुण्यात सारखाच असतो. त्यामुळे दोन गावांतील भावात जो फरक पडतो तो विक्रेत्याने आपल्या नफ्यातून दिलेली सूट, विम्याचा हप्ता आणि विक्रेत्याने स्वतःहून लावलेले आकार, एवढ्यातूनच पडतो.

या दांपत्याला साताऱ्यातील विक्रेत्याने नऊ लाखांच्या गाडीचा जो भाव दिला, त्यापेक्षा पुण्यातील एका विक्रेत्याचा भाव फोनवर अठरा हजारांनी कमी निघाला. अंतर सुमारे ११० किलोमीटर, वाटेत आनेवाडी आणि खेड-शिवापूर असे दोन टोलनाके, आणि दोघांनाही शाळेतून किरकोळ रजा घेणे आवश्यक. फोनवर सांगितलेला भाव लेखी पाठवावा, अशी विनंती त्यांनी तीनदा केली आणि तीनही वेळा एकच उत्तर आले : "सर, फोनवर सगळं कसं सांगू, एकदा चक्कर टाका, बसून बोलू." ते एसटीने पुण्याला गेले, बसून बोलले, आणि संध्याकाळी हाती आलेल्या कोटेशनच्या खालच्या भागात दोन ओळी वाढलेल्या दिसल्या. पहिली ओळ हँडलिंग चार्जेसची, ६,५०० रुपयांची, आणि दुसरी ओळ न घेता येणार नाही असे सांगितलेल्या अॅक्सेसरी किटची, ८,००० रुपयांची. अठरा हजारांचे साडेतीन हजार झाले होते.

हँडलिंग चार्जेस म्हणजे गाडी विक्रेत्याच्या गोदामातून शोरूमपर्यंत आणण्याचा व तिची देखभाल करण्याचा म्हणून सांगितला जाणारा आकार. हा सरकारी कर नाही, कोणत्याही कायद्याने ग्राहकाला तो द्यावा लागत नाही, आणि गाडी विकण्याजोग्या स्थितीत ग्राहकापुढे उभी करणे हे विक्रेत्याचेच काम असल्यामुळे त्याचे वेगळे पैसे मागण्यास काही आधार उरत नाही. तरीही ही ओळ कोटेशनवर दिसते, बहुतेकदा सर्वांत शेवटी दिसते, आणि ती फोनवर कधीही सांगितली जात नाही. याच गोष्टीचा राग यावा, असे या सदराचे मत आहे. विक्रेत्याने जास्त भाव लावणे हा त्याचा हक्क आहे. पण भाव कळण्यासाठीच ११० किलोमीटर यायला लावणे आणि आलेला माणूस रिकाम्या हाताने परतायला कचरतो या जाणिवेवर उरलेले पैसे वसूल करणे, हा ग्राहकाच्या एका दिवसाच्या रजेवर घातलेला हात आहे.

भाव शोधण्यालाही खर्च येतो, ही साधी वाटणारी गोष्ट अर्थशास्त्रात पद्धतशीरपणे मांडली ती जॉर्ज स्टिगलर यांनी १९६१ साली, आणि त्यांनी त्यासाठी घेतलेले उदाहरण नेमके मोटारींचेच होते. फेब्रुवारी १९५९ मध्ये शिकागो शहरातील सत्तावीस विक्रेत्यांकडे एकाच प्रकारच्या शेवरले गाडीचा भाव, थोडी घासाघीस केल्यानंतर, काय निघतो हे पाहिले असता तो २,३५० पासून २,५१५ डॉलरपर्यंत पसरलेला आढळला. सरासरी २,४३६ होती. वस्तू एकच, शहर एकच, महिना एकच, आणि तरी १६५ डॉलरचे अंतर. स्टिगलर यांचे प्रतिपादन असे की हे अंतर टिकते, कारण प्रत्येक ग्राहक सगळ्या विक्रेत्यांपर्यंत पोहोचू शकत नाही. प्रत्येक नव्या दारी गेल्यावर आणखी स्वस्त भाव मिळण्याचा संभव कमी कमी होत जातो, आणि जेथे पुढच्या फेरीचा खर्च तिच्यापासून अपेक्षित बचतीहून जास्त होतो तेथे शहाणा ग्राहक थांबतो. यातून निघणारे एक अनुमान महत्त्वाचे आहे : खरेदी जितकी मोठी, तितके अधिक हिंडणे परवडते.

माणसे वागतात मात्र उलट. अॅमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना विचारले होते की, पाच डॉलर वाचणार असतील तर वीस मिनिटांवरच्या दुसऱ्या दुकानात जाल का. पंधरा डॉलरच्या गणकयंत्रावर पाच डॉलर सुटत होते तेव्हा ६८ टक्के लोक जायला तयार झाले. तेच पाच डॉलर सव्वाशे डॉलरच्या गणकयंत्रावर सुटत होते तेव्हा २९ टक्केच तयार झाले. वाट तीच, वेळ तोच, पैसेही तेवढेच. बदलली ती केवळ ज्या रकमेशेजारी ते पैसे ठेवले होते ती रक्कम. शोरूममध्ये ऐकू येणारे "साहेब, नऊ लाखांची गाडी घेताय, पाच हजारांचं काय घेऊन बसलात" हे वाक्य याच मनोवृत्तीवर उभे आहे, आणि ज्या घरात मंडईतून कांदा किलोमागे पाच रुपयांनी स्वस्त आणण्यासाठी दोन चौक जास्त चालले जातात त्याच घरात ते वाक्य निमूटपणे मान्य केले जाते. पाच हजार रुपये गाडीबरोबर आले म्हणून त्यांची किंमत कमी होत नाही. त्यांतून घरातल्या मुलाची पुस्तके तेवढीच येतात.

या दांपत्याच्या प्रवासातून एक फळ मात्र हाती आले. शिक्का आणि तारीख असलेला तो पुण्याचा कागद घेऊन ते साताऱ्यातील विक्रेत्याकडे परत गेले, आणि त्याने आपला भाव नऊ हजारांनी उतरवला. विमा बाहेरून घेण्याचीही त्यांनी तयारी दाखवली. तृतीय पक्ष विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या हानीची भरपाई करणारा विमा, नव्या खासगी मोटारीला १ सप्टेंबर २०१८ पासून एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, पण तो विक्रेत्याकडूनच घ्यावा असे कोणतेही बंधन नाही. दूरच्या शहरातून गाडी घेतली तर गावातील सर्व्हिस सेंटर दाद देणार नाही, ही भीतीही बव्हंशी निराधार आहे, कारण वॉरंटी कारखान्याची असते आणि ती त्याच्या कोणत्याही अधिकृत केंद्रात चालते. खरा लाभ अंतर कापण्यापेक्षा लेखी भाव हाती असण्यात आहे, आणि तो कागद टपालाने किंवा मोबाइलवर मिळाला असता तर दोन किरकोळ रजा वाचल्या असत्या.

याच घरातील धाकट्या भावाने मांडलेली सूचना आणखी लांबची होती, आणि तिचा विचार करणे अधिक आवश्यक आहे, कारण ती आज महाराष्ट्रात पुष्कळ घरांत मांडली जाते. नवी छोटी गाडी घेण्यापेक्षा दिल्लीहून वापरलेली मोठी डिझेल गाडी आणावी, असे त्याचे म्हणणे. दिल्लीत अशी गाडी स्वस्त मिळते, यामागे ठोस कारण आहे. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्या दिल्ली परिसरात चालवण्यास राष्ट्रीय हरित लवादाने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कायम केली. २०२५ साली तिच्यात काही सूट मिळाली, तरी मुदत जवळ आलेली गाडी लवकर विकून मोकळे व्हावे ही तेथील मालकांची वृत्ती भावात उतरलेलीच आहे. सुमारे दीड हजार किलोमीटरचा प्रवास दोन दिवसांत होतो, आणि त्याचा खर्च बचतीपुढे खरोखरच किरकोळ असतो.

या व्यवहारातले खरे अंतर रस्त्यावरच्या प्रवासानंतर सुरू होते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४६ नुसार एका राज्यात झालेली नोंदणी साऱ्या भारतात चालते, पण कलम ४७ नुसार गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवली तर तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. हे प्रमाणपत्र मागण्याचा अर्ज म्हणजे नमुना २८. त्या अर्जावर एका चौकटीत गाडीच्या चासिस क्रमांकाची पेन्सिल-छाप द्यावी लागते. चासिस क्रमांक हा गाडीच्या सांगाड्यावर ठोकून उमटवलेला सतरा अक्षरांचा व अंकांचा क्रमांक. काही गाड्यांत तो बॉनेटखाली असतो, काहींत पुढच्या सीटच्या पायथ्याशी, गालिचाचा तुकडा उचलल्यावर दिसतो. त्यावरची धूळ व तेल फडक्याने पुसून पातळ कागद दाबून धरायचा आणि पेन्सिल आडवी करून शिसे हलक्या हाताने घासत न्यायचे, म्हणजे एकेक अक्षर काळ्या पट्ट्यात पांढरे उमटत जाते; हात हलला की 'तीन'चा 'आठ' दिसतो आणि कागद पुन्हा घ्यावा लागतो. गाडी चोरीची नाही, क्रमांक खाडाखोड केलेला नाही, याचा हा जुना आणि अजूनही उपयोगी पुरावा आहे, आणि दिल्लीची गाडी घेणाऱ्याने तो दलालाच्या हातून न घेता स्वतः वाकून घ्यावा, कारण गाडीच्या खरेपणाची अशी जवळून गाठ पडण्याची संधी व्यवहारात पुन्हा येत नाही.

छापेचा त्रास अर्ध्या तासाचा असतो. कराचा त्रास महिन्यांचा असतो. वाहनांवरील कर हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा, ५७ व्या नोंदीचा विषय आहे. म्हणून गाडीच्या पहिल्या मालकाने दिल्लीत एकरकमी कर भरलेला असला तरी ती महाराष्ट्रात आल्यावर येथे तिच्या वयानुसार कमी होत जाणाऱ्या प्रमाणात पुन्हा कर भरावा लागतो. ज्या वर्षांचा कर आधीच भरला गेला त्यांतील उरलेल्या वर्षांचे पैसे परत मागता येतात, परंतु ते मूळ राज्याच्या कार्यालयात, नव्या नोंदणीचा पुरावा जोडून मागायचे असतात, आणि पावतीवर नाव असते पहिल्या मालकाचे, जो गाडी विकून मोकळा झालेला असतो आणि काही दिवसांनी फोन उचलेनासा होतो. परिणामी साताऱ्याचा ग्राहक येथे कर भरतो, दिल्लीचा परतावा सोडून देतो, आणि एकाच रस्त्यावर चालण्यासाठी एकाच गाडीचा कर काही वर्षांपुरता दोनदा जमा होतो.

नोकरीनिमित्त राज्ये बदलणाऱ्यांची ही अडचण ओळखून केंद्राने २०२१ साली भारत मालिका, म्हणजे 'बीएच' अक्षरांनी ओळखला जाणारा क्रमांक सुरू केला, ज्यात कर दोन-दोन वर्षांच्या पटीत भरता येतो व राज्य बदलले तरी क्रमांक बदलावा लागत नाही. पण ती सोय ठरावीक नोकरदारांसाठी आहे. सांगलीचा बेदाण्याचा व्यापारी किंवा कणकवलीचा काजू-कारखानदार तिच्या कक्षेत सहजासहजी येत नाही, आणि दूरचा चांगला व्यवहार शोधण्याची गरज त्यालाही तेवढीच असते.

वाहन नोंदणीची माहिती आता 'वाहन' या राष्ट्रीय संगणकीय प्रणालीत आहे; सातारच्या कार्यालयातील लिपिकाला दिल्लीची नोंद आपल्या पडद्यावर दिसते. दोन राज्यांतील मालाच्या व्यवहारावरचा वस्तू व सेवा कर केंद्र गोळा करते आणि माल जेथे वापरला जातो त्या राज्याला त्याचा वाटा देते, आणि ही व्यवस्था २०१७ पासून चालू आहे. मोटारीच्या उरलेल्या वर्षांचा करही एका राज्याने दुसऱ्याला परस्पर पोहोचता करावा आणि ग्राहकाकडून फक्त फरकाची रक्कम घ्यावी, एवढी मागणी या सदरातर्फे येथे नोंदवण्यात येत आहे.