मोबाईल चालू द्या, रोकडही राहू द्या

रोख पैशाचे दिवस संपले, आता सारा व्यवहार मोबाईलवर, असे हल्ली जो तो म्हणतो. शहरातील काही दुकानांत तर नोट पुढे केली की काउंटरवरचा मुलगा नाक मुरडतो. आमचे मत असे की, मोबाईलच्या पैशाला विरोध करणे हा वेडेपणा आहे, पण रोकड नाकारणे हा त्याहून मोठा वेडेपणा आहे. डिंभे, घोडेगाव, मंचर या पट्ट्यात कापड विकणाऱ्यांना तर हा प्रश्न रोजच्या धंद्याचा आहे.

आधी फायद्याचे बोलू. यूपीआय एप्रिल 2016 मध्ये सुरू झाले. ऑगस्ट 2025 या एका महिन्यात त्यावरून देशात 2,000 कोटींहून अधिक व्यवहार झाले. सुट्ट्या पैशांची कटकट मिटली. पूर्वी सुरत, भिवंडी किंवा इचलकरंजीच्या पेढीला पैसे पोचवायचे तर बँकेत ड्राफ्टसाठी अर्धा दिवस जायचा, नाहीतर रक्कम कमरेला बांधून एस.टी.ने निघावे लागे. आता गल्ल्यावर बसल्या बसल्या काम होते. हे सुख नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु आमचे गिऱ्हाईक कोण, हे विसरून चालणार नाही. डिंभ्याच्या वरच्या अंगाला आहुप्यापर्यंत आणि तिकडे भीमाशंकरच्या डोंगरात आदिवासी वाड्या आहेत. भात, हिरडा आणि मजुरी यांच्या पैशातून तिथली माणसे कापड घेतात. पुष्कळ घरांत मोबाईल एकच, आणि तो बहुधा पुरुषाच्या किंवा तरुण मुलाच्या खिशात. 2024 साली लाडकी बहीण योजना आली आणि पात्र बहिणींच्या खात्यात दरमहा 1,500 रुपये जमा होऊ लागले. खाते बाईचे, पण मोबाईल दुसऱ्याचा! तिने बँकेतून नोटा काढून आणल्या तर कोणते लुगडे घ्यायचे ते ती ठरवते. "रोख घेत नाही" असे आम्ही म्हटले, तर आपल्याच पैशासाठी तिला मुलाची मनधरणी करावी लागेल. दुकानदाराने आपल्या सोयीसाठी तिचा हा अधिकार काढून घेऊ नये.

रोकड म्हणजे सोन्याची वीट, असेही आमचे म्हणणे नाही. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री 500 आणि 1,000 च्या नोटा बाद झाल्या. पाठोपाठ 14 नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घेण्याची मनाई झाली. ज्या बँकेत शेतकऱ्याचे खाते, तिचाच दरवाजा बंद! तात्पर्य, नोट काय किंवा मोबाईल काय, एकाच खुंटीला सारे गाठोडे टांगू नये.

जगाकडे पाहिले तरी हाच धडा मिळतो. कापडाचा धंदा आणि जगाचे राजकारण यांचे नाते आमच्या तालुक्याला कोणी शिकवायला नको. महाळुंगे पडवळचे बाबू गेनू 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत विदेशी कापडाचा ट्रक अडवताना हुतात्मा झाले. डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचेच नाव आहे. त्या काळी परक्याची सत्ता कापडाच्या गठ्ठ्यातून येत होती. आज ती पैशाच्या तारेतूनही येऊ शकते. युक्रेनच्या युद्धानंतर मार्च 2022 मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातील कामकाज थांबवले, आणि रशियन बँकांची ही कार्डे परदेशात चालेनाशी झाली. देशातले व्यवहार मात्र रशियाच्या स्वतःच्या यंत्रणेमुळे चालू राहिले. म्हणून यूपीआय आणि रुपे या आपल्या घरच्या यंत्रणा आहेत, ही समाधानाची बाब होय.

पण घरची यंत्रणाही बंद पडते. 12 एप्रिल 2025 रोजी देशभर यूपीआय काही तास अडखळले. त्याच महिन्याच्या 28 तारखेला स्पेन आणि पोर्तुगाल हे दोन देश विजेविना बसले. कार्डाची यंत्रे मुकी झाली आणि ज्याच्या खिशात नोटा होत्या त्यालाच भाकरी मिळाली. स्वीडनमध्ये रोकड जवळपास दिसेनाशी झाली होती. त्या देशाच्या सरकारनेही 2024 साली घरोघरी पुस्तिका वाटून, संकटकाळासाठी थोडी रोकड घरात ठेवा, असे सांगितले. पुढारलेले देश जी सावधगिरी शिकत आहेत, ती आपण टाकून देऊ नये.

व्यापारी बंधूंना एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. रोकड ठेवा ती गिऱ्हाइकासाठी, हिशोब लपवण्यासाठी नव्हे. जुलै 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून लहान दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बंगळुरूत कित्येकांनी "फक्त रोख" अशा पाट्या लावल्या. त्यांची भीती आम्ही समजू शकतो, पण हा इलाज नव्हे. विक्री रोखीची असो वा मोबाईलची, वहीत आलीच पाहिजे. वही चोख असेल तर नोटिशीला उत्तर देता येते. दुसरे असे की, धंद्याचे खाते घरखर्चाच्या खात्यापासून वेगळे ठेवावे. फसवणुकीचा पैसा फिरत फिरत आपल्या खात्यात आला तर तपासात खाते गोठते, आणि मग घरची चूलही अडते. गिऱ्हाइकाने मोबाईलवर "पैसे गेले" असे दाखवले तरी आपल्या बँकेचा निरोप आल्याशिवाय माल देऊ नये.

तिजारत एतबारावर चालते, असे जुने लोक म्हणत. यंत्र व्यवहाराची नोंद ठेवते, एतबार माणसालाच सांभाळावा लागतो. डोंगर उतरून आलेले गिऱ्हाईक केवळ रेंज नाही म्हणून रिकाम्या हाताने परत गेले, तर तो तोटा कोणत्याही मोबाईलवर दिसणार नाही. दुकानाच्या दर्शनी भागी यूपीआयची पाटी खुशाल लावा, पण गल्ल्यात दहा-वीसच्या सुट्ट्या नोटाही भरपूर ठेवा.