उद्या पाळी कुणाची?

मोर्चा निघतो. गोल्फ क्लब मैदानावरून कलेक्टर कचेरीवर जातो. घसे बसतात, निवेदन दिलं जातं, फोटो निघतो. झेंडे गुंडाळले की पुढारी गाडीत बसून पसार. आणि ज्याच्यासाठी हा मोर्चा, तो फिर्यादी एस्टीनं परत त्याच गावात, जिथं त्याला मारलं. पुढं त्याचं काय झालं, कुणी इचारलं?

दोस्तहो, काळारामाचं नाव घेतलं की आपली छाती फुगते. 2 मार्च 1930, पंधरा हजारांची मिरवणूक! भाषण तिथंच संपतं. अरे, पंधरा हजार ही एका दिवसाची गोष्ट. खरा लढा दुसऱ्या दिवशी सुरू झाला. 125 पुरुष आणि 25 बाया, पहिली तुकडी, मंदिराच्या चार दरवाजांवर बसली. मग पुढची तुकडी. रामनवमीला रथावरून दगड खाल्ले. भाऊराव गायकवाड, अमृतराव रणखांबे यांनी माणसं उभी केली, म्हणून 1935 पर्यंत नाशिक तापत राहिलं.

आणि किंमत मोजली खेड्यातल्या माणसानं. पोरं शाळेतून हाकलली, वाटा अडवल्या, वाण्यानं माल बंद केला. त्याच मार्चात साबरमतीहून मिठासाठी यात्रा निघाली. तिच्यावर पानंच्या पानं. आमच्या माणसाला गावचा वाणी मीठ देईना, त्यावर अर्धी ओळ.

देऊळ तेव्हा उघडलं नाही, म्हणून लढा फुकट गेला म्हणणारे शहाणे आहेत. 1934 साली बाबासाहेबांनीच गायकवाडांना लिहिलं, सत्याग्रह पुन्हा नको, ताकद राजकारणात आणि शिक्षणात लावा. देवासाठी कोण बसलं होतं? माणूस उभा राहायला बसला होता. उभा राहिलेला तोच माणूस 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात धर्मांतराची घोषणा ऐकायला हजर होता.

1972 ला आपण काळ्या बांधवांकडून पँथर हे नाव घेतलं. दोन वर्षांत फुटलो. माँटगोमेरीच्या काळ्यांनी 381 दिवस बसवर बहिष्कार टाकला, तो नुसत्या घोषणांवर नाही. कुणाची मोटार किती वाजता कुठल्या कोपऱ्यावर थांबणार, हे रोज ठरत होतं. ते वेळापत्रक आपण घेतलंच नाही.

खैरलांजीनंतर 2006 ला महाराष्ट्र पेटला. 2008 ला निकाल लागला, त्यात अॅट्रॉसिटीचं कलम टिकलं नाही. रस्त्यावर लाखो होते. कोर्टाच्या बाकावर, तारखेमागून तारीख, किती जण?

तेव्हा पुढचा मोर्चा ठरवायच्या आधी एक वही घ्या. तालुकावार केसेस लिहा. गावानं वाळीत टाकलं तर धान्य कोण पोचवणार, ते नावानिशी लिहा. आणि येत्या तारखेला साक्षीदाराच्या शेजारी कोण बसणार? हात वर करा, नाव सांगा.