मांडव्याचा अविनाश
आष्टी तालुका म्हणजे कायमचा टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला मुलूख. तिथल्या मांडव्याच्या पोराने नाव काढले ते मात्र पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारत! स्टीपलचेसच्या ३००० मीटरमध्ये २८ अडथळे आणि ७ पाणउड्या असतात. अविनाश साबळे या प्रकारात आला तो महार रेजिमेंटमधून, सियाचीनची थंडी अंगावर घेऊन आणि तसा उशिराच. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला; पुढे स्वतःचाच विक्रम मोडत राहणे हा जणू त्याचा नेम झाला. पण गडी कळला तो २०२२ च्या बर्मिंगहॅममध्ये. राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियाच नेत होता. साबळे दुसरा आला, सुवर्ण हुकले अवघ्या ०.०५ सेकंदाने. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णासोबत टेनिसच्या मिश्र दुहेरीचे सुवर्ण घेतले आणि दुसऱ्याच दिवशी साबळेने स्टीपलचेसचे. आपल्याकडे टेनिसपटूला ‘स्टार’ म्हणतात, धावपटूला मात्र ‘शेतकऱ्याचा मुलगा’. हे काही बरे नव्हे. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये साबळेने ८ मिनिटे ९.९१ सेकंद वेळ दिली. तरीही पल्ला अजून बाकी आहे: स्वीडनच्या अँडर्स गार्डेरुडने १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकले, तेव्हा त्याची वेळ होती ८ मिनिटे ८.०२ सेकंद.