बछडं सापडलं, तर फड एक रात्र थांबवा

नगरजवळची नागापूरची एमआयडीसी मागे टाकून मनमाड रस्त्याने राहुरीकडे निघालं, की मुळा धरणाच्या पाण्यावर पोसलेला ऊस लागतो. गाळप हंगामात जिल्ह्यातल्या अशाच उसात बिबट्याची बछडी सापडतात. लगेच फडावर जत्रा भरते. बछडं हातोहात फिरतं, मोबाइल सरसावतात. आई जवळपासच दडून असेल, हे कुणाच्या गावीही नसतं.

डिवचलेली आई काय करते, हे देवमाशांच्या शिकाऱ्यांनी भोगलंय. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातल्या उथळ खाड्यांत राखाडी देवमासे वीण घालायला येतात. 1850 च्या दशकात कप्तान चार्ल्स स्कॅमन तिथे शिकारीला उतरला. पिल्लाला भाला लागला की माद्या होड्या फोडायच्या, म्हणून शिकाऱ्यांनी त्यांना ‘सैतान मासा’ ठरवलं. त्याच किनाऱ्यावर, सान इग्नासिओच्या खाडीत, 1972 मध्ये पाचिको मायोराल या कोळ्याच्या होडीपाशी एक देवमासा आपणहून आला आणि त्याने अंगाला हात लावू दिला. आता तिथे माद्या पिल्लं घेऊन पर्यटकांच्या होड्यांजवळ येतात. होड्यांची संख्या मर्यादित, पाठलागाला मनाई. जवळ यायचं की नाही, ते देवमाशाने ठरवायचं.

बिबट्याला अर्थात कुणी हात लावायला जाऊ नये. नगर-पुणे पट्ट्यात त्याच्या हल्ल्यांत लहान मुलं गेली आहेत. त्या घरांपुढे कौतुकाची भाषा शोभत नाही. पण तो वाट चुकून आलेला पाहुणाही नव्हे. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा नगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला 300 हून जास्त माणसं राहतात अशा त्या भागात 100 चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच मोठे बिबटे निघाले. खाणं मुख्यतः गावातली कुत्री.

वन विभाग आणि जुन्नरच्या माणिकडोह बिबट्या बचाव केंद्रातली माणसं वर्षानुवर्षं एक साधा उपाय करत आली आहेत. बछडं तपासायचं, अंधार पडायच्या सुमारास सापडल्या जागीच क्रेटमध्ये ठेवायचं, माणसं हटवायची. बहुतेकदा आई रात्री येते आणि बछडं तोंडात धरून नेते. कॅमेऱ्यात ते टिपलंही जातं. बघायचंच असेल, तर ते बघावं.

अडतं ते तोडीपाशी. उचल घेऊन आलेल्या कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याला, टनावर मजुरी मिळते. फड थांबला की कमाई थांबली. शिवाय त्याचीच पोरं उसाच्या कडेला कोपीत झोपतात. त्याला प्राणिप्रेमाचे धडे देण्यापेक्षा कारखान्याने त्या दिवसाची मजुरी द्यावी, नाहीतर टोळी लगेच दुसऱ्या फडात हलवावी. दर हंगामात घडणारी गोष्ट आहे ही. तोडणीच्या करारात तेवढं एक कलम घालायला कारखान्यांनी साखर आयुक्तांच्या आदेशाची वाट कशाला बघायची?